खराड्यांची काळी पाच

खराडे नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. गाव विचारत नाहीत, कंपनी विचारत नाहीत, कुवेतमध्ये किती वर्षं झाली तेही विचारत नाहीत. "सुट्टीला कधी जाणार?" एवढंच विचारतात.

मला त्यांनी हा प्रश्न लिफ्टमध्ये विचारला. अबू हलीफातल्या या इमारतीत आम्ही आदल्याच दिवशी राहायला आलो होतो. माझ्या एका हातात झाडू होता, दुसऱ्या हातात बादली.

"अहो, आत्ताच तर आलोय," मी म्हटलं.

"ते दिसायलंय की. पण जाणार कधी?"

"डिसेंबरात. पुण्याला."

"पुण्याला? सांगली-मिरज साइडला न्हाई काय जाणार?"

मेहुणा सांगलीत आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि माझ्या मजल्यापर्यंत पोचवली. मला वाटलं, किती चांगला शेजारी मिळाला. डिसेंबरात, निघायच्या आदल्या संध्याकाळी ते दारात उभे राहिले तेव्हा बादलीचा अर्थ कळला. त्यांच्या हातात कापसात गुंडाळून वर चिकटपट्टी लावलेला एक पेनड्राइव्ह होता.

दुसऱ्याची वस्तू आपल्या बॅगेत घालू नये, हे इथे प्रत्येक जण प्रत्येकाला बजावत असतो. मी जरा कोरडेपणानेच विचारलं, "आत काय आहे?"

"गाणं."

"कुणाचं?"

"अजून कुणाचंच न्हाई. त्यासाठीच तर पाठवायलोय."

मारुती ज्ञानू खराडे, वय त्रेपन्न, मिरजेजवळच्या एका खेड्यातले. इथल्या एका सरकारी इस्पितळाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहेत. रक्ताची पिशवी आणि पेशंट यांची जुळणी तपासण्याचं काम ते एकोणीस वर्षं करतायत. उरलेल्या वेळात लोकगीतं लिहितात, पेटीवर चाली बांधतात आणि त्या गाण्यांना गायिका शोधतात. या दोन कामांत काही फरक आहे असं त्यांना वाटत नाही, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

"पिशवी भारी असून चालत न्हाई ओ," ते सांगतात. "क्रॉसमॅच व्हायला पाहिजे. पेशंटच्या रक्ताचा थेंब आणि पिशवीतला थेंब एकत्र करून बघायचं. गुठळी झाली की पिशवी परत फ्रीजमध्ये. गाण्याचंबी तेच. तुम्ही रडून लिहिलं असेल. गळ्यात गेल्यावर गुठळी झाली तर दोष कुणाचा? कुणाचाच न्हाई. मॅच न्हाई, एवढंच."

त्यांच्या प्रत्येक गाण्याला चिठ्ठी असते. तिच्यावर नंबर, तारीख आणि गट. हळदीची, डोहाळजेवणाची गाणी 'ओ निगेटिव्ह', म्हणजे कुणालाही चालणारी. विरहाची गाणी दुर्मिळ गटातली, ती जपून द्यायची. गायिकेला गाणं आवडलं तर तिने ते बेचाळीस दिवस राखून ठेवावं, तोवर खराडे ते दुसऱ्या कुणाला दाखवणार नाहीत. बेचाळीस दिवसच का? तर लाल पेशींची मुदत तेवढीच असते म्हणून. त्रेचाळिसाव्या दिवशी ते फोन करतात. असा एक फोन माझ्यासमोर झाला. पलीकडे एका गायिकेचे यजमान होते. खराडे जड आवाजात म्हणाले, "साहेब, मुदत संपली. गाणं परत घ्यायलोय." यजमान म्हणाले, "कुठलं गाणं?"

पण गाणं गायिकेपर्यंत पोचतं कसं, यावर खराड्यांचा अभ्यास दांडगा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा विश्वास नाही. गायिकेला सरळ भेटून गाणं देणारा माणूस त्यांच्या मते अडाणी.

"बाईंना दिलेलं गाणं बाईंच्या पर्समध्ये मरतंय," ते म्हणतात. "ढोलकीवाल्याला द्यायचं. त्याला ठेका आवडला की तो कार्यक्रमाला जाताना गाडीत लावणार. बाई मागच्या सीटवर डोळे मिटून असणार. पहिल्यांदा काही बोलणार न्हाईत. दुसऱ्यांदा पाय हलणार. तिसऱ्यांदा विचारणार, कुणाचं रे हे? तिथं आपलं काम झालं."

म्हणून पेनड्राइव्हबरोबर ढोलकीवाल्यासाठी एक ब्लँकेट जातं. कुवेतचं, दुहेरी, वाघाचं चित्र असलेलं, उचलताना खांदा निखळेल असं. इथून सुट्टीला जाणारा दक्षिण महाराष्ट्रातला एकही मराठी माणूस या ब्लँकेटातून सुटलेला नाही. कऱ्हाडपासून कागलपर्यंतचे ढोलकीवाले थंडीत वाघाखाली झोपतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी मी वाघ पोचवलेत असं मला हल्ली वाटतं.

सोबत एकच अट असते. "आमच्या घरी यातलं कळू देऊ नका. कुणी भेटलंच, तर रक्तपेढीचंच बोला."

गाणी लिहिणं हे काही लपवण्यासारखं काम नव्हे. पण आपल्याला लोक हसतील असं त्यांना वाटत असावं, अशी मी समजूत करून घेतली.

खराड्यांचा स्वतःचा आवाज रिकाम्या पिंपात खडे पडल्यासारखा आहे. त्यामुळे नमुन्याचं गाणं दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात भरावं लागतं. माझी बायको मृणाल लग्नाआधी सुगम संगीत शिकलेली आहे, हा शोध त्यांना आम्ही त्या डिसेंबरच्या सुट्टीहून परतल्यावर चौथ्या दिवशी लागला. त्यानंतर आमच्या बेडरूममधल्या कपाटाचा स्टुडिओ झाला. कपाटात जाड ब्लँकेटं असतात, त्यामुळे आवाज घुमत नाही. मृणाल आत, खराडे बाहेर पेटी घेऊन जमिनीवर, मधे किलकिलं दार. एकदा मी ऑफिसातून फोन केला तर मुलीने उचलला. आई कुठे आहे म्हटल्यावर इरा अगदी शांतपणे म्हणाली, "इन द कबर्ड, बाबा. विथ खराडे अंकल्स साँग."

भरलेलं गाणं मग खराड्यांच्या जुन्या गाडीत वाजवून बघायचं, कारण बाई ते गाडीतच ऐकणार. समुद्राकाठी गाडी लावायची, काचा बंद करायच्या आणि एसी बंद करायचा. एसीची घरघर खालचे सूर खाते, असं त्यांचं म्हणणं. कुवेतच्या उन्हाळ्यात एसी बंद केलेल्या गाडीत चार मिनिटांचं गाणं ऐकणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. मी दुसऱ्या कडव्यापर्यंत शुद्धीवर असतो.

आता एवढा सगळा खटाटोप करून गाणी रेकॉर्ड होतात का? जवळजवळ नाहीत. आणि दर वेळी निरोप एकच येतो. शब्द झकास, चाल झकास, पट्टी फार चढी.

खराड्यांची सगळी गाणी काळी पाचात असतात. पेटीवरची ती पाचवी काळी पट्टी धरून, आणि वर अंतरा असा चढवलेला की पाय टेकायला जागा नाही. गायिका म्हणतात, दोन सूर खाली आणा, लगेच घेते. खराडे आणत नाहीत. एक हळदीचं गाणं एका बाईंनी त्यांना न विचारता खाली आणून गायलं. ते लग्नांच्या मांडवांत वाजलंही. आम्ही पेढे घेऊन वरच्या मजल्यावर गेलो तर खराडे भिंतीकडे तोंड करून पडलेले. "चुकीचं रक्त चढवलं," एवढंच म्हणाले.

"यांचं मला कळतच नाही," मृणाल एकदा कपाटातून घामाघूम होऊन बाहेर येत मला म्हणाली. "जगाला सांगतात, गळा बघून गाणं द्या. आणि स्वतः? बाई कुणीही असो, पट्टी तीच. हा माणूस कुणाचा गळा बघून लिहितो?"

मी हसण्यावारी नेलं.

एकसष्ट नंबरचं गाणं आलं तेव्हा मात्र आम्ही दोघंही हसलो नाही. त्याची सुरुवात अशी होती:

दार लोटलंय नुसतं, कडी घातली न्हाई,
वाट कुणाची न्हाई गं, वारं येऊ दे बाई.

मृणाल पहिल्यांदा गायली तेव्हा कपाटातून मधेच आवाज बंद झाला. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. अंतऱ्यातला वरचा सूर तिला शेवटपर्यंत लागला नाही, नुसता स्पर्श करून ती खाली यायची. खराडे म्हणाले, "असू दे वहिनी. तिथं कुणाचाच लागत न्हाई."

हे गाणं नामा ढोलकीवाल्याने कोल्हापूरच्या बाईंच्या गाडीत लावलं. बाईंचं नाव इथे सांगत नाही, पण गावोगावच्या जत्रांत त्यांच्या कार्यक्रमाला बसायला जागा मिळत नाही. बाईंनी तिसऱ्यांदा नव्हे, पहिल्यांदाच विचारलं. आणि सांगितलं, हे माझ्यासाठी ठेवा. बेचाळीस दिवस गेले, चार महिने गेले, अकरा महिने झाले. खराड्यांनी त्रेचाळिसाव्या दिवसाचा फोन केला नाही.

मग जुलैत बाईंचाच फोन आला. स्टुडिओ ठरला, वादक ठरले, फक्त पट्टी पांढरी पाचात आणून द्या. खराडे आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी आमच्याकडे आले, कपाटाकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "आणलं खाली."

एकोणीस वर्षांची धडपड शेवटी फळाला येत होती, आणि माणूस दहनाहून परत आल्यासारखा बसला होता. मी पाठीवर थाप मारली. ते म्हणाले, "तुम्ही परवा सांगलीला जाणारच हायसा. पेनड्राइव्हवर दोन आहेत. एक वहिनींचं, काळी पाचातलं. ते राहू दे तसंच. दुसरा खालच्या पट्टीतला, नुसत्या पेटीचा ट्रॅक, तो नामाच्या हातात द्या. द्यायच्या आधी एकदा वाजवून बघा, विमानात बिघडतंय." मग जरा थांबून, "आणि वाटेवर आमचं घर लागतं. एक ब्लँकेट टाकून जाल काय? यंदाबी माझं जायचं जमत न्हाई."

खराड्यांचं जायचं सहसा जमत नाही. इतकी वर्षं सगळ्यांना सुट्टी विचारणारा हा माणूस स्वतः दोन-तीन वर्षांनी एकदा पंधरा दिवस जाऊन येतो. बायको इकडे का नाही आणली, तर आईवडलांचं बघायला कुणी नव्हतं. आईवडील गेले, मुलीचं लग्न होऊन ती साताऱ्याला गेली. आता का नाही आणत, असं मी एकदा विचारलं होतं. "विचारायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी विषय ढोलकीवर नेला होता.

मेहुण्याची गाडी घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. खराड्यांच्या पत्नी सुमनवहिनी पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ब्लँकेट घेतलं, घडी न मोडता कपाटावर ठेवलं. तिथे आधीचीही तशीच घडीतली ठेवलेली होती. मला पिठलं-भाकरी वाढली. मी अटीप्रमाणे रक्तपेढीचंच बोललो. मागच्या दारातून वारं येत होतं आणि ते दार आपटू नये म्हणून त्याला एक दगड टेकवलेला होता.

जेवून गाडीत बसलो तेव्हा आठवलं, पुढे मिरजेत नामा वाट बघतोय आणि पेनड्राइव्ह वाजवून बघायचा राहिलाय. खालच्या पट्टीतला नुसता ट्रॅक वाजेल, त्यातून कुणाला काय कळणार, अशा हिशेबाने मी तो लावला. आधी मृणालचं गाणं सुरू झालं. काचा उघड्या होत्या. मी ऐकत राहिलो, अंतरा होऊन गेल्यावर भानावर येऊन बंद करायला हात नेला, तेवढ्यात खिडकीशी सुमनवहिनी. मला द्यायला शेंगांची पिशवी घेऊन आल्या होत्या.

"ही कोण?"

"माझी बायको."

"चांगलं म्हणती. वर जाईना तिला." पिशवी त्यांनी टपावर ठेवली. "परत लावा बघू."

मी परत लावलं. काय करणार? त्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या, अंगणातल्या जमिनीकडे बघत. पहिली ओळ ऐकली. दुसरी ऐकली. अंतरा आला, आणि जिथे मृणालचा आवाज दर वेळी खाली यायचा तिथे तो खाली आला, पण गाणं आलं नाही. ते वरच राहिलं. वहिनी गात होत्या. मोठ्याने नाही, ताण नाही, ओट्यावरून डबा काढावा इतक्या सहज. मला पेटीतलं फारसं कळत नाही, पण हे गाणं कुणाचा गळा मापून शिवलंय ते मला त्या क्षणी कळलं. आणि आधीची साठसुद्धा.

गाणं संपलं. वहिनी म्हणाल्या, "कुणी लिव्हलंय?"

मी शब्द दिलेला माणूस. म्हटलं, "आहेत आमच्याकडे एक जण."

"मागच्या दाराची कडी बसत न्हाई आमच्या," त्या म्हणाल्या. "लग्न झालं त्या उन्हाळ्यापासनं. सुताराला सांगतो म्हणत म्हणत हे कुवेतला गेले. ही कडी दोघांनाच ठावी हाय."

मी टपावरची पिशवी आत घेतली. मग त्या सांगू लागल्या. माहेरी नवरात्रात त्या गायच्या, आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. सासरी आल्यावर पहिल्याच नवरात्रात सासरे म्हणाले, आता पुरे. "हे तिथंच बसले हुते. पेपर वाचत. नको म्हणाले असते तर मी भांडले असते. हे काहीच म्हणाले न्हाईत. मग मीबी काही म्हणाले न्हाई." एवढं बोलून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमच्या फोनात आवाज भरता येतो न्हवं?"

त्यांनी गाणं आणखी एकदा ऐकलं आणि अंगणातच उभं राहून पूर्ण म्हटलं. एकदाच. मधे शेजारचा कुकर शिट्टी देऊन गेला, त्या थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "त्यांना द्या. म्हणावं, पट्टी बरोबर हाय."

मिरजेला मी गेलो नाही. नामाला फोन करून सांगितलं, पेनड्राइव्ह पुण्यातच राहिला. आयुष्यात इतकं निर्लज्ज खोटं मी ऑडिटरलासुद्धा सांगितलेलं नाही. आपण एका माणसाची एकुलती एक संधी बुडवतोय, हे मला कळत होतं.

विमानतळावर खराडे गाडी घेऊन आले होते. नामाने आधीच कळवलेलं असणार. माझी बॅग त्यांनी डिकीत आपटली. ऑगस्टची सकाळ, हवा भट्टीसारखी. अबू हलीफा येईपर्यंत त्यांनी नुसती गाडी दामटली. मग एकदम फुटले. "ब्लँकेटं नेता, शेंगा आणता, आणि एक पेनड्राइव्ह देता येईना? बाई चार दिवस थांबणार म्हणायल्यात. मग दुसरं गाणं घेणार. एकोणीस वर्षं ओ!"

"गाडी समुद्राकडे घ्या," मी म्हटलं. "आणि एसी बंद करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण नियम त्यांचाच होता. गाडी लावली, काचा बंद केल्या, एसी बंद केला. मी फोन मधे ठेवला आणि लावला.

पहिल्या ओळीला खराड्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. अंतऱ्याला त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कुकरची शिट्टी आली आणि गेली. गाणं संपलं. त्यांनी स्वतःच्या बोटाने परत लावलं. मग तिसऱ्यांदा. माझा सदरा पाठीला चिकटला होता, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण एसी लावा असं म्हणायची माझी छाती झाली नाही. खराडे रडत होते. हुंदके देऊन, लहान मुलासारखे, तोंड न झाकता.

"पट्टी बरोबर आहे, म्हणाल्या," मी निरोप सांगितला.

त्यांनी मान हलवली. मग खिशातून फोन काढला आणि कोल्हापूरच्या बाईंना लावला. रक्तपेढीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "बाई, खराडे बोलतोय कुवेतहून. एकसष्ट नंबर आता मिळणार न्हाई. इश्यू झालं." पलीकडून बाई काहीतरी विचारत होत्या. "न्हाई, परत येत न्हाई. पिशवी एकदा पेशंटच्या नावावर गेली की गेली," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

काचेपलीकडे समुद्र पांढरा फटक दिसत होता. मला एकाएकी लक्षात आलं, की इतक्या वर्षांत एक प्रश्न या माणसाला कुणीच विचारलेला नाही.

"खराडे," मी म्हटलं, "सुट्टीला कधी जाणार?"

त्यांनी नाक पुसलं आणि एसी सुरू केला.

"मागच्या दाराची कडी बसवायची राहिलीय," ते म्हणाले. "जायला पाहिजे."